मिठागराच्या घरी आंब्याची सालं

समुद्र बघायला म्हणून गेले होते, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "काय काय बघितलंस गं कोकणात?" मी म्हटलं, "कोंबड्यांची घाण." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. एकीनं तर विचारलं की फोटो काढलेस का. काढलेत ना, पण कोणाला जेवायच्या आधी दाखवू नयेत असे आहेत.

आमचं गाव पलूसच्या बाजूला. इथं माझी ब्रॉयलरची शेड होती. सासू गेली त्या साली सुरू केली आणि गेल्या वर्षी बंद केली. लोक कारण विचारतात. कारण असं काही नाही, दमले. पहाटे उठून फीडर भरा, उन्हाळ्यात पत्र्यावर पाणी मारा, मेलेले पक्षी वेचा, आणि उरलेले वाढले की गाडीत भरून पाठवा, की लगेच नवी पिल्लं दारात. एका सकाळी शेडचं दार उघडायला हात उचलला आणि तो वर जाईचना. तेव्हा ठरवलं, बास झालं.

माझी धाकटी बहीण सुरेखा अलिबागला नर्स म्हणून गेली होती, ती तिथलीच झाली. नवरा प्रदीप आगरी घरातला, उरण बंदराच्या कंटेनरवर ड्रायव्हर, महिन्यातले फार तर आठ-दहा दिवस घरी. फोनवर ती म्हणाली, "ताई, विश्रांतीला ये. दार उघडलं की वारं. नुसती बसून राहा." मी बसून राहायला निघाले. बारा पिंपळावरच्या मुंजासारखी एसटी बदलत बदलत अलिबागला उतरले, तर घामानं पोलकं पाठीला चिकटलेलं. वारं होतं म्हणा, पण ते गरम आणि ओलं.

रेवदंड्याच्या अलीकडे

सुरेखाचं घर रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला आत. रिक्षावाल्यानं रस्त्यातच सुकटीच्या वासात मला सगळ्या गावाची माहिती सांगितली, त्यात माझ्या बहिणीची पण. "कोंबडीवाल्या सिस्टरकडं ना?" मी म्हटलं, कोंबडीवाली? तो म्हणाला, "म्हंजे काय, तुम्हाला म्हाईत न्हाय?"

तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घराच्या मागं पत्र्याची नवी शेड, जाळी मारलेली, खाली भाताचं तूस. आत पांढरे पक्षी, तीन आठवड्यांचे असतील, अंगापिंडानं बरे. मी पिशवीही खाली ठेवली नव्हती. सुरेखा म्हणाली, "कसे आहेत?" मी म्हटलं, "माझ्याशी बोलू नकोस. विश्रांतीला ये म्हणालीस." ती हसली. लहानपणी माझी पाटी फोडून अशीच हसायची. मग म्हणाली, "ताई, पाय धू आधी. मग सांगते."

सांगितलं ते असं. मका घाटावरनं येतो, आणि घाट उतरताना त्याचा भाव चढतो. पलीकडं, दिघीच्या खाडीपलीकडं, आंब्याचा रस डबाबंद करायचा एक छोटा कारखाना आहे. हंगामात तिथं सालांचे ढीग पडतात. टाकायला जागा नाही, कुजतात, गाव बोंबलतं. सुरेखानं ती सालं फुकट मागून आणली, वाळवली, मसाल्याच्या डंक्यावर कुटली आणि मक्याच्या जागी थोडी थोडी खाद्यात घातली. पहिल्या खेपेच्या सालांवर पक्षी छान चालले होते.

"आणि हे सगळं कशासाठी?" मी विचारलं. "नर्सची नोकरी होती ना सोन्यासारखी?"

"गुडघे गेले ताई, वॉर्डात उभं राहून. आणि ह्यांच्या डोक्यात खोल्यांचं खूळ आहे. सगळे बांधतायत ना, शनिवार-रविवारच्या लोकांसाठी. शेडच्या जागी चार खोल्या, वर स्लॅब. मी म्हटलं, एक बॅच बघा. ते म्हणाले, बरं, ही बॅच नीट निघाली तर शेड राहील, नाही तर दिवाळीपर्यंत पाडतो. मग मी काय करायचं माहितेय? मुंबईच्या लोकांच्या चादरी धुवायच्या." तिनं गुडघा चोळला. "रुग्णांच्या बदलल्या आयुष्यभर. आता नाही."

माझ्या विश्रांतीचं काय झालं ते मला कळलं.

घरात सुरेखाचे सासरे होते. मामा. वय ऐंशीच्या आसपास, काळे, वाळलेले, तळपायांना भेगा इतक्या की त्यात बोट जाईल. सगळा जन्म मिठागरावर गेला. पुढं समुद्राच्या बाजूचा बांध फुटला, कोणी बांधून दिला नाही, आणि मिठागरात आता खारफुटी उभी आहे. मामा मात्र अजून मिठागरातच राहतात. मला बघून म्हणाले, "आलीस गो ताय? बस. खा." आणि कैरीची फोड पुढं केली, तिच्यावर जाडं मीठ चिमटीनं नाही, मुठीनं घातलेलं.

या घरात मिठाला फार मान. कैरीला मीठ, माशाला मीठ, फणसाच्या गऱ्यांना मीठ, दात दुखला मीठ, दृष्ट लागली मीठ. ताटात पहिल्यांदा मीठ वाढायचं, हे आमच्याकडंही आहे, पण आमच्याकडं ते नावाला. इथं मामा त्याच्याकडं बघतात, मगच पाटावर सरळ बसतात. आणि घासाला चव लागली नाही की एकच शब्द, "अळनी!" तो असा म्हणतात की सुरेखाच्या आईबापाचा, म्हणजे माझ्याही आईबापाचा उद्धार झाल्यासारखा वाटतो. मी आमटी केली त्या दिवशी मला तो दोनदा ऐकावा लागला.

आगरदांडा, दिघी आणि पलीकडचा कारखाना

दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरेखानं मला टेम्पोत बसवलं. "तेवढंच समुद्र बघशील." टेम्पो भाड्याचा, चालवणारी सुरेखा स्वतः. हे पण मला नवीनच. मुरुडवरनं आगरदांड्याला गेलो, तिथनं फेरीबोटीनं पलीकडं दिघी. गाड्या बोटीत चढतात आणि बोट चालते, हे मी पहिल्यांदाच बघितलं, आणि खरं सांगते, सीटची कड घट्ट धरून बसले. आमच्या कृष्णेत होडी बघितलेली, तीत माणसं आणि फार तर एखादी शेळी. सुरेखा म्हणाली, "तो बघ समुद्र." मी डोळे मिटून होते.

कारखाना हरिहरेश्वरच्या वाटेवर, आत एका वाडीत. बाहेर टेम्पो लागलेले, आत लांब टेबलांवर बायका आंबे सोलतायत. कोपरापर्यंत हात पिवळे, सुरी अशी चालते की साल एका फेऱ्यात खाली. पहिली पाच मिनिटं तो वास असा वाटतो की देवळात आलोय. मग गोड येतो, मग जड होतो, आणि मग आंब्याचं नाव नको वाटतं. तिथल्या बाया दिवसभर असतात. त्यांच्यातली मुकादम, जाड चष्म्याची, मला म्हणाली, "आमच्या घरी हंगामात आंबा कापत न्हाईत. पोरं मागतात, मी म्हनते दुसरीकडं जाऊन खा."

सालांचा ढीग मागच्या अंगणात. वर माश्यांचं मोहोळ. मुकादम बाईनं घमेली दिली आणि म्हणाली, "घेऊन जा बाई, पुण्य लागंल. कुजलेलं तळाचं उचलू नका, आजचं वरचं घ्या." बाठ्यांचाही ढीग होता. सुरेखाचा हात तिकडं गेला. मी म्हटलं, "त्याला हात लावू नकोस. आतला गर तुरट असतो, उकळून पाणी टाकल्याशिवाय पक्ष्यांना बाधतो. तुला आता एवढा उपद्व्याप झेपायचा नाही." झेपायचा नाही तिला, म्हटलं. पण भरत होते मीच. कंबर धरली ती दिघीपर्यंत सुटली नाही.

परतीच्या बोटीवर आमची शोभा झाली. टेम्पोच्या फळीतनं पिवळा रस ठिबकत होता, तो उतारानं वाहत वाहत एका पांढऱ्या गाडीखाली गेला. गाडीतली माणसं पांढऱ्या कपड्यांतली, हरिहरेश्वर करून निघालेली. गांधीलमाश्या आमच्या मागोमाग बोटीत चढल्या होत्या. एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आंबे आहेत का? हापूस?" सुरेखा म्हणाली, "आंबे तुम्ही खाल्लेत, सालं आमच्याकडं आहेत. देऊ?" बोटीवरचा माणूस खो-खो हसला, आणि आम्हाला सगळ्यात शेवटी उतरवलं. पलीकडं आगरदांड्याला टेम्पो चढाला नेमका बंद पडला. पुढं थांबलेल्या पांढऱ्या गाडीवाल्यांनीच धक्का दिला शेवटी, एका हातानं. दुसरा नाकावर होता.

घरी आलो तेव्हा माझ्या केसात, कानात, चपलेत आंबा होता. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट घालून केलेलं वालाचं कालवण. भाकरी इतकी मऊ की माझ्या ज्वारीच्या भाकरीनं खाली मान घालावी. मी तीन खाल्ल्या. मामांनी विचारलं, "बराबर हाय ना मीठ?" मी म्हटलं, "बराबर." दुसरं काही म्हणायची छाती नव्हती.

मिठागराचा बांध

सालं वाळवायची जागा म्हणजे मिठागराचा जुना बांध. तेवढाच भाग उंच उरलाय. त्यावर ताडपत्र्या पसरल्या, त्यावर सालं. आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये वारं कोरडं असतं, द्राक्ष बघता बघता सुकतं. इथं उन्हातही हात ओला. सालं सकाळी पसरावीत, दुपारी परतावीत, आणि संध्याकाळी बघावं तर अजून मऊच. आभाळ भरून यायचं, सुरेखा धावत जायची, ताडपत्री झाकायची, आभाळ निघून जायचं. दिवसातनं तीनदा हा खेळ. "बुरशी धरली तर संपलं ताई," ती म्हणायची. बुरशीचं खाद्य पक्ष्याला विष, हे खरंच आहे.

मामा रोज सकाळी काठी टेकत बांधावर जायचे. "कावळं हाकतो," म्हणायचे. मला बरं वाटायचं, तेवढाच म्हातारा माणूस गुंतून. ऊन चढेपर्यंत तिथंच बसून असायचे, गुडघे पोटाशी धरून, एकेकाळी मीठ राखत बसायचे तसेच. मी ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि त्यांच्याकडं बघायचे. विश्रांती झाली ती एवढीच.

आणि खरंच, सालं अचानक छान झाली. बुरशी नाही, कुबट वास नाही, कडक, वाजणारी. वर पांढरी झाक आलेली. सुरेखानं विचारलं, "हे पांढरं काय गं?" मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "साखर वर आलीय. आमच्याकडं बेदाण्यावर येते तशी. चांगलं लक्षण आहे." आपल्या गावचं ज्ञान माणूस कुठं कुठं घेऊन जातो! सुरेखा खूश झाली. मक्याची पोती संपत आली होती, नवीन यायला वेळ होता, तर तिनं सालांची पूड जरा जास्तच मिसळली. मी बघत होते. मी म्हटलं, "चालेल."

शेड

दोन दिवसांनी सकाळी शेडचं दार उघडलं आणि अमोनियाचा भपका डोळ्यांना झोंबला. तूस ओलं. कोपऱ्यात नाही, सगळीकडं, चिखलासारखं. पक्षी पाण्याच्या भांड्यांवर एकमेकांच्या पाठीवर चढलेले. चार मेलेले, भांड्यांच्या बाजूलाच. काही पाय पसरून बसलेले, उठवलं तरी उठेनात.

सुरेखा दारातच थांबली. वॉर्डात इतकी मरणं बघितलेली बाई, पण तिचा चेहरा बघवेना. "कसला रोग गं हा?"

आधी वाटलं, डंक्यावर मिरची राहिली असेल. मग वाटलं, विहिरीला खाडीचं पाणी लागलं. मे महिना, इथं होतं तसं. पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. गोड. सुरेखानं पशुवैद्यांना फोन लावला, ते म्हसळ्याला होते, संध्याकाळी येतो म्हणाले. दुपारपर्यंत आणखी मेले. आम्ही दोघी ओलं तूस घमेल्यांनी उपसत होतो आणि मी मनात म्हणत होते, देवा, ह्यातनं सुटले म्हणून मी गाव सोडून इथं आले होते.

माझी एक जुनी खोड आहे. खाद्य जिभेवर टाकून बघायचं. आमच्याकडं सगळे हसायचे. मक्याला कुबट वास लागलाय का, पेंड जुनी आहे का, जिभेला आधी कळतं. शेवटी दमून उकिरड्यापाशी बसले, आणि फीडरमधलं चिमूटभर तोंडात टाकलं.

थुंकले. परत टाकलं. खारट. नुसतं खारट नाही, तोंड आवळणारं. धावत पोत्याकडं गेले, सालांची पूड चाखली. मीठ. नुसतं मीठ.

मामा ओट्यावर होते. मला पूड चाखताना बघून काठी टेकत उठले, जवळ आले, आणि चेहऱ्यावर इतका आनंद की मी विसरणार नाही. "बराबर झालाय ना?" ते म्हणाले. "मीच लावला. रोज सकाली दोनी खिसं भरून न्यायचो, लावायचो. तुमी दोघी रडत व्हता ना, बुरशी धरंल, बुरशी धरंल. अरं, मिठाला कोन बुरशी धरतो?"

आणि मी, थकलेली, ओल्या तुसानं कोपरापर्यंत भरलेली, काय बोलून गेले ते आजही कानात आहे. "मामा, मीठ? अहो पक्षी आहेत ते, लोणचं नाही! मिठानं मरतायत ते! तुमच्या मिठानं!"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग सुरेखाकडं. सुरेखाच्या हातात मेलेला पक्षी होता. तिनं तो पाठीमागं घेतला. लपवावा तसा. पण त्यांनी बघितला होता.

मग मी ओरडले, कारण ओरडायला काहीतरी पाहिजे होतं, "फीडर काढा सगळे! उरलेला मका नुसता द्या! पाणी ताजं, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं!" विहीर घरापासून लांब नाही, पण चढ आहे. मामांनी काठी भिंतीला टेकवली, कळशी घेतली आणि विहिरीकडं निघाले. सुरेखा म्हणाली, "मामा, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. दिवेलागणीपर्यंत ते पाणी आणत होते, अर्धी अर्धी कळशी, वाटेत थांबत. पशुवैद्य आले, बघितलं, म्हणाले, "तुम्ही करताय तेच करा." जाताना एवढं म्हणाले की मीठ जास्त झालं की असंच होतं, आणि सालांना मीठ लावणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. सुरेखानं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

प्रदीप आला

प्रदीप तिसऱ्या दिवशी आला. तोवर मर थांबली होती. निम्म्याहून जास्त पक्षी राहिले होते, पण अशक्त, मागं पडलेले. हिशेब करायची गरज नव्हती, शेडमध्ये डोकावलं की कळत होतं. रेवदंड्याच्या बंदरावरची खानावळवाली, जी सगळी बॅच घेणार होती, तिला सुरेखानं आधीच सांगून टाकलं होतं की लगेच काही जमणार नाही.

प्रदीप वाईट माणूस नाही. हात-पाय धुतले, शेडमध्ये गेला, बाहेर आला, ओट्यावर बसला. "क्या हुआ नक्की?" हे त्याचं बंदरावरचं बोलणं. सुरेखा चुलीपाशी होती. ती बाहेर न येताच म्हणाली, "खाद्यात मीठ मिसळताना माझा हात चुकला. जास्त पडलं."

मी मान वर केली. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"हात चुकला?" प्रदीप म्हणाला. "नर्स ना तू? औषधं मोजून द्यायचीस ना?" मग जरा हळू, "जाऊ दे. बस झालं आता सुरेखा. ठरलं होतं ना आपलं? पावसाळा झाला की मिस्त्रीला बोलावतो."

भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मामा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तिचा हात न्हाय. माझा."

"काय बाबा?"

"मी मीठ लावला सालांना. तिला म्हाईत पन नव्हता. ती खोटा बोलतंय तुझ्याशी, माझ्यासाठी." आणि मग, "मिठागर गेला तवा मना कोनी विचारला न्हाय. मीबी काय बोललो न्हाय. गप बसलो. आता बोलतो. माझ्या चुकीपायी तिची शेड जायची न्हाय. पाडायची तर मी गेल्यावर पाड."

प्रदीपनं बापाकडं बघितलं. दाढी खाजवली. शेवटी उठून म्हणाला, "एक बॅच अजून. फक्त एक. आणि बाबा, सालांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही."

मामा म्हणाले, "बरा."

जेवायला बसलो. ताटं मांडली. सुरेखा मिठाची वाटी घेऊन आली, रिवाजाप्रमाणं पहिल्यांदा मामांकडं. मामांनी ताटाच्या त्या कोपऱ्यावर हात ठेवला. "नको गो." सुरेखा चिमूट तशीच धरून वाकून उभी राहिली. "हात काढा मामा." त्यांनी काढला नाही. "माझे पण गुडघे दुखतात मामा. हात काढा." तेव्हा काढला. तिनं मीठ वाढलं, रोजच्याएवढंच, आणि प्रदीपच्या ताटाकडं वळली. मला रडू येत होतं, म्हणून मी विचारलं की आमटी कोणी केलीय.

निघताना

मी आठवड्यासाठी गेले होते, राहिले दुपटीहून जास्त. सालांची आणखी एक खेप आणली, या वेळी मी बोटीवर डोळे उघडे ठेवले. बघण्यासारखं आहे ते. पाणी हिरवट, पलीकडं डोंगर, आणि बोटीचा माणूस आम्हाला बघून आधीच हसत होता. त्यानं आमच्यासाठी कोपऱ्यात जागा ठेवली होती, सगळ्यांपासून लांब. सालं परत बांधावर पडली, परत आभाळ भरून आलं, परत आम्ही धावलो. सुरेखाला मी सगळं लिहून नाही, करून दाखवलं. कधी घालायचं, किती, लहान पिल्लांना का नाही, ओलं साल हाताला कसं लागतं आणि वाळलेलं कसं. तिला आता येतं. मला मात्र परत शेड काढायची हौस आलीय असं कोणी समजू नये. माझ्या शेडमध्ये आता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर असतो, आणि तो तिथंच राहील.

निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा लवकर आली. मी पिशवी उचलून बाहेर आले, तर बांधावर मामा. म्हटलं, परत मीठ! सुरेखाला हाक मारणार होते, पण तिनं माझा दंड धरला. "बघ," म्हणाली. "चार दिवस झाले, रोज तू उठायच्या आत करतायत."

मामांच्या हातात काही नव्हतं. त्यांनी सदऱ्याची बाही वर करून हात दाखवल्यासारखे पुढं धरले होते, आम्ही बघतोय हे माहीत असल्यासारखे. ते पहिल्या ताडपत्रीपाशी उकिडवे बसले, एक साल उचललं, मोडलं, तुकडा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. ज्या जिभेनं जन्मभर मिठाची प्रत ठरवली तीच ती. चावलं, थुंकले. दुसऱ्या ताडपत्रीकडं सरकले. मग तिसऱ्या. काठी मागं राहिली होती, ते हात टेकत टेकत पुढं जात होते. शेवटची ताडपत्री झाली तेव्हा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभे राहिले आणि घराकडं तोंड करून ओरडले,

"सुरेखा! अळनी हाय गो! सगला अळनी! घाल त्यांना!"

सुरेखानं टोपली उचलली आणि बांधाकडं गेली.